न्हाणीच्या मावशींचा हात

मावशी बाळाच्या आंघोळीचं पाणी हाताने कधीच बघत नसत. पदर खोचायच्या, पोलक्याची बाही वर सरकवायच्या आणि उजवं कोपर बादलीत बुडवायच्या. माझ्या सासूबाईंनी तोवर दोन बोटं घालून पाणी अगदी ठीक असल्याचं जाहीर केलेलं असायचं. मावशी वाद घालत नसत. दोन तांबे गार पाणी ओतायच्या आणि पुन्हा कोपर बुडवायच्या. मी एकदा विचारलं तेव्हा म्हणाल्या, "हाताला सवय झालेली असती बाई. त्याला सगळंच कोमट लागतं."

त्यांचं नाव हौसाबाई. पण ते मला माझी सई चार महिन्यांची झाल्यावर कळलं. सदाशिव पेठेतल्या आमच्या गल्ल्यांमध्ये सगळे त्यांना न्हाणीच्या मावशी म्हणत. जिच्या घरी बाळंतपण, तिच्या घरी मावशी, असं ठरूनच गेलेलं होतं. आधी बाळाला तेल लावून न्हाऊ घालायचं, मग बाळंतिणीचं अंग चोळायचं आणि पुढच्या घरी जायचं. सकाळी हडपसरहून पहिल्या दोन बसपैकी एकीने त्या निघत, स्वारगेटला उतरून चालत येत आणि दुपारपर्यंत पाच घरं करत. त्यांच्या सासऱ्यांची तिकडे जमीन होती, ती हळूहळू कारखान्यांत आणि मग इमारतींत गेली. सासू सुईण होती. तिने हे काम सुनेच्या हातात दिलं. "शिकवलं बिकवलं न्हाई," मावशी सांगत. "पोर माज्या पायावर ठेवलं आन् निघून गेली."

सई सव्वीस वर्षांपूर्वी झाली. वजनाने कमी, रडायला खूप. मी तेव्हा इतकी थकलेली होते की कुणी नाव विचारलं तरी क्षणभर आठवायला लागायचं. पहिल्या दिवशी मावशी आल्या, बाळाला उघडं केलं, उलटसुलट करून पाहिलं. सासूबाई बाजूला उभ्या होत्या. त्यांना कौतुकाचं काहीतरी ऐकायचं होतं. मावशी म्हणाल्या, "हाडं चांगली हायत." कुठल्याही बाळाबद्दल त्यांनी याहून जास्त काही म्हटल्याचं मला आठवत नाही. गोड, गोरं, बापासारखं, हे शब्द त्या दुसऱ्यांवर सोडून देत.

मग त्या मोरीत पाटावर पाय लांब करून बसल्या. सईला पालथं घातलं आणि उजवा तळवा तिच्या पाठीवर नुसता ठेवला. चोळला नाही, थोपटला नाही. तो तळवा एवढा रुंद होता की सईची सगळी पाठ त्याखाली झाकून गेली. थोड्या वेळाने रडणं थांबलं. मी दारात उभी राहून रडत होते, ते त्यांनी मान न वळवता ओळखलं. "तू रडून घे," त्या म्हणाल्या, "तवर मी हिचं आवरते." त्या घरात त्या दिवसांत मला रडायची परवानगी देणारं दुसरं कुणी नव्हतं.

त्या कधी गप्पा मारत बसल्या नाहीत. चहा बशीत ओतून उभ्यानेच प्यायच्या. दमत नाही का, असं विचारलं की म्हणायच्या, "दमायला वेळ पायजे." पण जिन्यावरून उतरताना त्या मधल्या वळणावर एका पायरीवर बसत. भिंतीला डोकं टेकून मिनिटभर डोळे मिटत आणि उठत. मी ते वरून खूपदा पाहिलं. त्यांना कधी सांगितलं नाही.

सहा वर्षांनी माझा मुलगा झाला तेव्हा मावशी पुन्हा आल्या. सेहेचाळीस-सत्तेचाळीसच्या असतील. एके दिवशी माझे खांदे चोळताना काहीतरी टणक लागलं. मी विचारलं तेव्हा त्यांनी उजवा हात पुढे केला. तळव्यात, अनामिकेच्या बुडाशी, वाटाण्याएवढी गाठ होती आणि तिच्याशेजारी कातडी खळीसारखी आत ओढली गेली होती. धुणी पिळून पिळून घट्टा आला असावा, असं त्यांचं म्हणणं. दुखतं का, विचारलं तर नाही. डॉक्टरला दाखवा म्हटलं तर हसल्या. जे दुखत नाही ते डॉक्टरला काय दाखवायचं, असा त्यांचा हिशोब होता, आणि खरं सांगायचं तर मलाही तो पटला. मीही त्यानंतर पुन्हा विचारलं नाही.

पुढची वर्षं मावशी कधी मंडईत, कधी बसस्टॉपवर भेटत राहिल्या. दर वेळी हात थोडा बदललेला असे. गाठीपासून बोटाकडे कातडीखाली एक दोरी ताणल्यासारखी दिसू लागली. मग अनामिका किंचित झुकली. मग करंगळीही तिच्या मागून गेली आणि तिच्यापेक्षा जास्त वाकली. बांगड्या चढवताना कासाराची पंचाईत होऊ लागली. तोंड धुताना वाकलेलं बोट डोळ्यात जायचं, म्हणून त्या डाव्या हाताने तोंड धुऊ लागल्या. देवाला हात जोडले तर तळवे एकमेकांना लागत नसत. "आमच्या बापाचं असंच होतं," त्यांनी मला एकदा सांगितलं. "दोन्ही हात. गावात म्हणायचे, म्हातारा चिक्कू, मूठ सोडत न्हाई. बिचाऱ्याची सुटतच नव्हती."

काम त्यांनी सोडलं नाही, कामाची रीत बदलली. सपाट तळव्याने करायचं ते तळव्याच्या खालच्या, मनगटाजवळच्या भागाने करू लागल्या. मोठ्या बायकांची पाठ कोपराखालच्या हाताने रगडू लागल्या. बाळाला धरायला डावा हात, पाणी घालायला उजवा. बायकांना काही कळलं नाही. उलट मावशींची नवी मालिश जास्त चांगली आहे, असं एकीने मला सांगितलं. मध्यंतरी त्यांना साखरही निघाली. गोळ्या सुरू झाल्या, त्या आठवल्या तर घ्यायच्या.

पाच वर्षांपूर्वी माझी भाची मधुरा बाळंत झाली. ती कात्रजच्या बाजूला एका मोठ्या सोसायटीत राहते. तिची आई, म्हणजे माझी बहीण, आजारी होती, म्हणून मी शिकवते त्या शाळेला उन्हाळ्याची सुट्टी लागताच मधुराच्या मदतीला मी गेले. मावशींना मीच बोलावलं. मधुरा संगणक कंपनीत काम करते. तिने बाळाच्या आंघोळीचे पुष्कळ व्हिडिओ पाहून ठेवले होते. पहिल्या दिवशी ती मावशींना म्हणाली, "मावशी, प्लीज धुरी नको हं, आणि प्रेशर एकदम लाइट." मावशींनी मान डोलावली आणि आपल्या पद्धतीने काम केलं. चार दिवसांत मधुरा फोनवर मैत्रिणींना मावशींचं कौतुक सांगू लागली.

दुसऱ्या आठवड्यातली गोष्ट. मधुरा बाहेरच्या खोलीत बसली होती. मी न्हाणीघराच्या दारात टॉवेल घेऊन उभी. मावशींनी बाळाला पायांवर पालथं घातलेलं होतं, अंगाला साय आणि डाळीचं पीठ लावलेलं. त्याला उताणं करायला त्यांनी डावा हात डोक्याखाली घेतला आणि उजवा छातीखाली सरकवला. तिथे हाताची बोटं पसरावी लागतात. त्यांची दोन पसरली, दोन पसरली नाहीत. बाळ त्या दोन वाकलेल्या बोटांवरून घसरलं आणि त्यांच्या पायांच्या कडेला गेलं. त्यांनी गुडघे आवळले, मी खाली वाकून त्याचा दंड धरला. फरशीला काही लागलं नाही. बाळ रडलंसुद्धा नाही. छातीवर नखाचा एक लाल ओरखडा उठला होता, तेवढाच.

आम्ही एकमेकींकडे पाहिलं. मावशींचा चेहरा पांढरा पडला होता. मी मनाशी ठरवून टाकलं होतं की हे कुणाला सांगायचं नाही. काही झालेलं नव्हतं, मधुराला कळलं नव्हतं, आणि मावशींना मी बोलावलेलं होतं. त्यांनी सावकाश उरलेली आंघोळ केली, बाळाला पुसलं, गुंडाळलं. माझ्याकडे दिलं नाही. स्वतः उठून बाहेर गेल्या, मधुराच्या मांडीवर ठेवलं आणि उभ्या राहिल्या.

"आज माज्या हातून पोर निसटलं," त्या म्हणाल्या. "ह्या ताईंनी धरलं. छातीवर वरखडा हाय, बगून घे. उद्यापासून मी येणार न्हाई."

मधुराने आधी बाळाची छाती पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं. तिचं पुढचं म्हणणं असं होतं की मावशी, इट्स ओके, होतं कधीकधी. मावशींनी ते ऐकून घेतलं आणि चपला घातल्या.

त्यांच्याकडे तेव्हा आणखी दोन घरं होती, दोन्ही सदाशिव पेठेत. मी त्यांना स्कूटरवरून नेलं. त्यांचा हात माझ्या खांद्यावर होता आणि ती दोन बोटं मला टोचत होती. पहिल्या घरी त्यांनी तेच शब्द सांगितले. तिथली बाळंतीण रडवेली झाली. दुसऱ्या घरी बाळाच्या आजी भेटल्या. त्यांना मावशींचा रागच आला. दुसऱ्याच्या घरी काहीतरी झालं, तर आमचं काम सोडायचं काय कारण? आता ऐनवेळी बाई कुठून आणायची?

"अहो, पण काही झालं तर नाही ना?" आजी म्हणाल्या.

"न्हाई झालं म्हणून सांगाया आले," मावशी म्हणाल्या. "झालं असतं तर तुमी दारात उभं केलं असतं का?"

खाली आल्यावर त्या इमारतीच्या पायरीवर बसल्या. मीही शेजारी बसले. चाळीस वर्षांचं काम त्यांनी दोन तासांत बंद करून टाकलं होतं, आणि दुपारचे बारासुद्धा वाजले नव्हते. "आता घरी जाऊन काय करू एवढ्या लवकर?" त्यांनी विचारलं. पंधरा वर्षांपूर्वी ती गाठ मी पाहिली होती, हे मला तिथे बसल्यावर आठवलं.

मग मी त्यांना हाताच्या सर्जनकडे घेऊन गेले. डॉक्टर बाई तरुण होत्या, बोलायला शांत. त्यांनी मावशींना हात टेबलावर उपडा ठेवायला सांगितला. हात टेबलावर टेकला, पण तळवा टेकला नाही. खाली पोकळी राहिली आणि बोटांचे शेंडे लाकडात रुतले. डॉक्टर म्हणाल्या, "आजी, हात असा सपाट टेकेनासा झाला ना, तेव्हाच यायचं असतं."

"आमी टेबलावर हात कशाला ठेवू?" मावशी म्हणाल्या.

डॉक्टर हसल्या. मग एका लहानशा धातूच्या मापाने त्यांनी प्रत्येक सांधा मोजला. अनामिका बुडाशी पंचेचाळीस अंश वाकलेली, करंगळी मधल्या सांध्यात सत्तरच्या पुढे. डाव्या तळव्यातही गाठ सुरू झालेली. त्यांनी सोप्या शब्दांत समजावलं. कातडीखाली एक पातळ पडदा असतो, तो जाड होऊन आकसतो आणि बोटांना आत ओढतो. नसा चांगल्या आहेत, हाडं चांगली आहेत. कुणाला आयुष्यभर नुसती गाठ राहते, पुढे काहीच होत नाही. कुणाचं एक बोट वाकतं आणि तिथेच थांबतं. बहुतेक वेळा अनामिका आणि करंगळी आधी जातात, अंगठा आणि तर्जनी वाचतात. आपल्याकडे हा आजार त्यामानाने कमी दिसतो, बायकांत आणखी कमी. पण कमी वयात सुरू झालं, दोन्ही हातांना आलं आणि घरात कुणाला असलं, तर त्याचा जोर जास्त असतो. वडिलांचं ऐकल्यावर त्यांनी काहीतरी लिहून घेतलं. ऑपरेशन करता येईल, पण करंगळी पूर्ण सुटेल असं सांगत नाही, आणि सुटलेलं पुन्हा वाकू शकतं, हेही त्यांनी आधीच सांगितलं.

मावशींनी सगळं नीट ऐकलं. "मला लिहायचं न्हाई," त्या म्हणाल्या. "शिवायचं न्हाई. तळवा सपाट पायजे, बाकी काई नको."

बाहेर रांगेत बसल्यावर त्यांनी मला विचारलं, सत्तर म्हणजे किती. मी माझी करंगळी वाकवून दाखवली. त्या बराच वेळ माझ्या बोटाकडे बघत राहिल्या. "लईच की," त्या म्हणाल्या. "मला वाटत हुतं थोडं हाय."

आधी साखर ताब्यात आणायची होती, त्यात तीन महिने गेले. मग ऑपरेशन. तळव्यापासून करंगळीपर्यंत वाकडेतिकडे टाके, मग पट्टी, मग बोटं सरळ ठेवायला झोपताना बांधायची प्लास्टिकची खपची, मग व्यायाम. आठवड्यातून एकदा हडपसरहून दवाखान्यात यायचं, दोन तास थांबायचं, दहा मिनिटं बोटं ओढून घ्यायची आणि परत जायचं. मी जमेल तेव्हा जायचे, नेहमी जमायचं नाही. त्यांच्या सुनेला, सुरेखाला, कामावरून सुट्टी मिळायची नाही. त्या एकट्याच यायच्या आणि बाकावर भिंतीला डोकं टेकून बसायच्या. व्यायाम करून घेणारी मुलगी त्यांना म्हणे, आजी, घरी दिवसातून पाच वेळा केलं ना? मावशी म्हणायच्या, केलं. खरंच करायच्या. अनामिका जवळजवळ सरळ झाली. करंगळी अर्धी सुटली आणि तिथेच अडली. मधला सांधा इतकी वर्षं वाकलेला राहून आखडला होता.

एका रविवारी मावशी न सांगता माझ्या घरी आल्या. मला सतरंजीवर पालथं झोपायला सांगितलं, तेल मागितलं आणि माझी पाठ चोळायला बसल्या. अर्धा तास त्या चोळत होत्या. कधी जोर देऊन, कधी अगदी हलक्या हाताने, एकाच जागी पुन्हा पुन्हा. मला आधी वाटलं की माझ्या कंबरदुखीसाठी आल्यात. मग लक्षात आलं, त्या स्वतःची परीक्षा घेत होत्या. शेवटी तळवा माझ्या पाठीवर ठेवून त्या थांबल्या.

"मोठ्या माणसाला चालंल," त्या म्हणाल्या. "बाळाला न्हाई."

मी म्हटलं, थोडे दिवस अजून बघा. त्यांनी तेलाची वाटी उचलून ओट्यावर नेऊन ठेवली. तो विषय तिथेच संपला.

त्यानंतरची दोन वर्षं त्यांनी बाळंतिणींची मालिश केली, बाळांना हात लावला नाही. पण हडपसरच्या नव्या इमारतींमधून निरोप यायचे. तिथे नोकरीला आलेली जोडपी, घरात मोठं माणूस नाही. अशा एका घरी त्यांनी सांगितलं, न्हाऊ मी घालणार नाही, कसं घालायचं ते सांगीन. बाळाची आई अजून उठत नव्हती, म्हणून बाप पायांवर टॉवेल टाकून बसला. मावशी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून सांगत होत्या, मान धर, आता काख, आता मांडीची घडी. तो पोरगा घामाघूम झाला होता, असं त्या मला सांगत होत्या. "पण हात चांगला हाय त्याचा. घाई न्हाई." अशी सात-आठ घरं त्यांनी केली. एवढं बोलायची त्यांना सवय नव्हती. "कामानं न्हाई तेवढा बोलून घसा सुकतो," असं म्हणायच्या.

मग करंगळी परत आत जाऊ लागली. डावा हातही वाकला, उजव्याहून झपाट्याने, आणि यावेळी मधलं बोटही त्यात ओढलं गेलं. डॉक्टरांनी दुसरं ऑपरेशन सुचवलं. मीही आग्रह केला. मावशींनी माझं सगळं ऐकून घेतलं.

"एका हाताला एक वरीस गेलं," त्या म्हणाल्या. "दुसऱ्याला द्यायला माज्याकडं वरीस न्हाई. दमले मी."

इतक्या वर्षांत 'दमले' असं त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं. त्यावर मी पुन्हा आग्रह केला नाही. करायला हवा होता का, हे मला अजून ठरवता येत नाही.

मागच्या दिवाळीनंतर मावशी गेल्या. साखर, मग पायाला जखम, मग मूत्रपिंड, असं एकातून एक होत गेलं. त्याच्या महिनाभर आधी मी हडपसरला त्यांना भेटायला गेले होते. घर दोन खोल्यांचं, समोर आंबेमोहोराच्या तांदळाचं एक दुकान, मागे उंच इमारतींची रांग. सुरेखा कामावर निघायच्या बेतात होती. ती मला हळूच म्हणाली की आई कुणालाच आंघोळ घालू देत नाहीत. दोन्ही हात असे, तांब्या धरवत नाही, आत पाऊण तास लागतो, बाहेर आम्ही जीव मुठीत धरून बसतो. पण दार उघडत नाहीत.

सुरेखा गेल्यावर मावशी उठल्या आणि भिंतीला धरत न्हाणीत गेल्या. मी बाहेर बसून राहिले. आत पाण्याचा आवाज यायचा, मग बराच वेळ काहीच नाही, मग तांब्या खाली पडल्याचा आवाज. थोड्या वेळाने कडी निघाली.

"ये," त्या आतून म्हणाल्या. "पाठ तेवढी चोळ. तितं हात पोचत न्हाई."

त्या पाटावर पाठमोऱ्या बसल्या होत्या. खूप वाळल्या होत्या, मणके एकेक मोजता येत होते. मी साबण लावला आणि भीत भीत हात फिरवू लागले. कातडी पातळ झाली होती. कुठे दुखेल, कुठे सोलपटेल, कळत नव्हतं. त्यांनी थोडा वेळ ते सहन केलं.

"जोर लाव," त्या म्हणाल्या. "मी काय बाळ हाय?"

मी जोर लावला. त्यांनी डोकं पुढे झुकवलं, मांडीवर ते दोन मिटलेले हात ठेवले आणि मी थांबेपर्यंत तशाच बसून राहिल्या.